सोडवून आणायचा माणूस

"सोडवून आनायचा म्हंजे? धरलाय कं त्याला कोनी?" शेवंतीने विचारलं.

थोरल्या भावाच्या, सहदेवच्या घरचं स्वयंपाकघर सोडून ती दिवाणखान्यातच जमिनीवर पेपर पसरून कोलंबी सोलायला बसली होती. आतून काही ऐकू येत नाही, ही तिची तक्रार जुनी होती.

टीव्हीला लॅपटॉप जोडता जोडता साईनाथने मान वळवली. सहदेवचा हा मुलगा, चाळिशीला आलेला. मिठागर या बास्केटबॉल संघाचा सगळा कारभार तोच बघायचा. "धरलेला नाही गं आत्या. तिकडच्या क्लबशी त्याचा करार आहे, अजून एका सीझनचा. तो मोडून यायचं तर क्लबला भरपाई द्यावी लागते. बायआउट म्हणतात त्याला."

"आनि ती भरपाई आपन द्यायची."

"आपणच."

"मंग सोडवूनच आनायचा ना. मी काय वेगलं बोलले?"

शेवंतीच्या धाकट्या भावाला, प्रफुल्लला हसू आलं, पण त्याने ते दाबलं. आज बहिणीची बाजू सांभाळून धरायची होती. काल दुपारी नौपाड्यातलं हार्डवेअरचं दुकान माणसांवर सोडून तो मुद्दाम तिच्या घरी जाऊन आला होता. परदेशी खेळाडूचा विषय निघाला की तू नाही म्हण, एवढंच त्याचं मागणं. शेवंतीने "बगू" म्हटलं होतं. शेवंतीचं बगू म्हणजे काय, हे पन्नास वर्षांत त्याला कधी कळलं नव्हतं.

या भावंडांच्या वडिलांनी, गोविंदा मढवींनी, मिठागराची कामं सुटल्यावर, जमिनीचे पैसे आले तेव्हा, कळव्यातल्या त्या शेवटच्या तुकड्यावर इमारत न बांधता बास्केटबॉलचं कोर्ट बांधलं, म्हणून संघाचं नाव मिठागर. कागदोपत्री ते गोविंदा मढवी क्रीडा मंडळ होतं, पण ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत ते नाव कोणी घेत नसे. जाण्याआधी म्हाताऱ्याने एक करून ठेवलं होतं. मंडळाचा मोठा निर्णय तिन्ही भावंडांनी घ्यायचा, आणि तिघांतले दोघं म्हणतील तसं. सहदेव थोरला, शेवंती मधली, प्रफुल्ल धाकटा. मुलांनी, सुनांनी, भाच्यांनी बोलावं हवं तेवढं; हात वर करायचा तो तिघांनीच.

आणि सहदेवदादाचा हात वर असणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. गेल्या वर्षी लीगने प्रत्येक संघाला एक परदेशी खेळाडू घ्यायची मुभा दिली. मिठागरने घेतला नाही. डोंबिवलीच्या संघाने घेतला, आणि सेमीफायनलला त्याच उंचाड्या माणसाने मिठागरची अक्षरशः दैना केली. त्याला अडवता अडवता आर्यन पाच फाऊल होऊन नियमाप्रमाणे बाहेर बसला, आणि दादा त्या दिवसापासून डोंबिवलीचं नाव निघालं की उठून गॅलरीत जायला लागला.

आर्यन म्हणजे प्रफुल्लचा मुलगा. बावीस वर्षांचा, सहा फूट चार इंच, मिठागरचा सेंटर, म्हणजे रिंगखाली उभा राहणारा उंच गडी. परदेशी माणूस आला तर तो ज्याच्या जागी खेळणार होता, तो आर्यन.

आत्ता तो सोफ्याच्या कडेला पाय लांब करून बसला होता आणि मोबाईलही बघत नव्हता.

"कृतिका, तू सांग," दादा म्हणाला. "कोच तू आहेस."

शेवंतीची मुलगी कृतिका राज्याकडून खेळलेली होती. तिन्ही मामांसमोर... नाही, मामा दोनच, पण साईनाथही तिच्याशी मामाच्याच आवाजात बोलायचा, त्यामुळे तिला ते तीन वाटत. "मला हवाय तो," ती म्हणाली. "सहा फूट दहा. पाय हलके आहेत. पाच मॅचेस बघितल्या मी त्याच्या."

"पाचच?" प्रफुल्लने विचारलं.

"पाचच होत्या, मामा. त्याला खेळवतच नाहीत ते."

"मग खेळत नसलेला माणूस पैसे देऊन सोडवायचा. उद्या मी माझ्या दुकानात न चालणारा नळ जास्त भावाने घेऊन आलो तर तुम्ही काय म्हणाल?"

"त्यांच्याकडे त्याच्यापुढे दोघं आहेत, दोघंही त्यांच्या देशाच्या संघातले. म्हणून बसतो. आपल्याकडे कोण आहे त्याच्यापुढे?" हे बोलल्यावर कृतिकाने आर्यनकडे बघितलं आणि घाईने पुढे म्हणाली, "आर्यन मुळात सेंटर नाहीच. त्याला बाहेरून खेळू द्यायला पाहिजे. आत, रिंगखाली, आपण त्याला कोंबतोय, कारण दुसरा कोणी उंच नाही."

"म्हणजे त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं," प्रफुल्ल म्हणाला. "वा."

"काका, टोमणे नको ना," साईनाथ म्हणाला. "उद्या संध्याकाळी नोंदणी बंद होतेय. आज हो म्हटलं तर आजच मेल जाईल."

"पैसे कुठून?"

साईनाथने टीव्हीची वायर पुन्हा घट्ट बसवली. मग लॅपटॉपकडे बघत म्हणाला, "छपराचे आहेत."

प्रफुल्ल याच शब्दाची वाट बघत होता. घरासमोर खाली पोरांच्या कोर्टावर पत्र्याचं छप्पर घालायचं म्हणून तीन वर्षं मंडळाने पैसा साठवला होता. पावसाळ्याचे चार महिने कोर्ट शेवाळून जायचं, पोरं येणं बंद व्हायचं, आणि गणपतीनंतर त्यांतली निम्मी परत यायचीच नाहीत. छपराचा हट्ट शेवंतीचा होता. शाळेत शिपाई म्हणून नोकरी करून निवृत्त झालेली बाई. संघ जिंकला काय, हरला काय, तिला फारसं पडलेलं नसे. पण संध्याकाळी खाली जी चाळीस-पन्नास पोरं यायची, त्यांतल्या निम्म्यांना ती नावाने ओळखायची.

तिचे हात थांबले. "छपराचे?"

"या वर्षी वापरू. स्पॉन्सर वाढला की परत टाकू."

"आनि नाय वाढला तं?"

"वाढेल गं आत्या. फायनलला गेलो की वाढतो."

"मंग माजं नाय," शेवंती म्हणाली आणि पुढची कोलंबी उचलली. "लिवून घे. एक नाय."

प्रफुल्लने सोफ्याला पाठ टेकली. एवढं सोपं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. दादा हो, ताई नाही, उरला तो. दोन नाही म्हणजे विषय संपला. घाई करायची नाही, जरा विचार केल्यासारखं दाखवायचं आणि मग बोलायचं, असं त्याने ठरवलं.

पण दादाने हात आडवा केला. "थांबा. माणूस बघितल्याशिवाय नाय म्हणायचं नाय. साईनाथ, लाव त्याला."

टीव्हीवर तो आला तेव्हा पडद्यात त्याचं कपाळ मावेना. मग त्याने फोन लांब धरला. दाढी वाढवलेला, अठ्ठावीस वर्षांचा, मागे स्वयंपाकघराच्या फरशा. दावित त्याचं नाव, गाव जॉर्जिया देशातलं. इंग्रजी मोडकं होतं, त्यामुळे उलट सगळ्यांना कळत होतं. अडेल तिथे आर्यन शेवंतीला मराठीत सांगत होता.

साईनाथने ठरलेले प्रश्न विचारले. गुडघा कसा आहे, उन्हाळा सोसेल का, खायचं काय. दावितने नीट उत्तरं दिली. मग दादाने थेट मराठीतच विचारलं, "इकडं कशाला यायचंय तुला?" आर्यनने ते इंग्रजीत सांगितलं.

दावितने फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दोन वर्षं मी बाकावर बसलोय," तो म्हणाला. "पगार वेळेवर मिळतो. लोक चांगले आहेत. रोज सराव करतो, मॅचच्या दिवशी कपडे बदलतो, बसतो, परत कपडे बदलतो. गेल्या महिन्यात बायकोने विचारलं, आज किती गुण केलेस, तर मी खोटं सांगितलं. आठ म्हणालो. तिने नंतर बघितलं असणार. बोलली नाही."

आर्यनने हे मराठीत सांगितलं. प्रफुल्लने खाली बघितलं. शेवंतीने कोलंबीचं भांडं बाजूला सरकवलं आणि पदराला हात पुसले.

"मला एक विचारायचंय," दावित म्हणाला. "मी आलो तर माझ्या जागी आत्ता कोण खेळतो? त्याला माहीत आहे का?"

साईनाथ घसा खाकरत होता, तेवढ्यात आर्यनने हात वर केला. शाळेत करतात तसा. "मीच."

"तुला चालेल?"

"चालेल," आर्यन इंग्रजीतच म्हणाला. "मी पुढच्या सीझनला इथे नाही."

हे वाक्य मराठीत सांगायची गरज पडली नाही. साईनाथने दावितला सांगितलं की आम्ही तुम्हाला थोड्या वेळाने फोन करतो, आणि पडदा बंद केला.

"इथे नाही म्हणजे कुठे?" प्रफुल्लने विचारलं.

"हुबळीला, पप्पा. रेल्वेच्या संघात. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी आहे. ट्रायल दिली मी. झाली निवड." आर्यन एकेक वाक्य सुटं ठेवत होता, पाठ केल्यासारखं. "मंडळाशी माझा करार अजून दोन वर्षांचा आहे. मंडळाने मोकळं केलं तरच जाता येतं. मी दादाला सांगितलेलं दिवाळीत."

दादा म्हणजे साईनाथ. सगळे त्याच्याकडे वळले.

"मी सांगणारच होतो," साईनाथ म्हणाला. "पण आधी सेंटर हातात नको? हा जातोय म्हटल्यावर एजंटने भाव वाढवला असता. आणि काकांनी घर डोक्यावर घेतलं असतं."

"माझ्या मुलाचं मला सांगायचं नाही, असं तू ठरवलंस?"

"काका, त्यानेच सांगितलेलं, पप्पांना मी बोलेन म्हणून. मी वाट बघत होतो."

प्रफुल्लची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. त्याची बायको प्रियांका तिथे उभी होती, हातात भाकरीचं पीठ. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. त्याने बघितल्यावर ती आत गेली.

आता दादा बिघडला. इतका वेळ परदेशी माणसासाठी हट्ट धरून बसलेला सहदेव एकदम उलटला. "कोनी कुठं जानार नाय. बाबांचं कोर्ट आहे हे. त्या कोर्टावर मढव्यांचा पोरगा नसेल तर दाविद आणा नायतर गोलियाथ आणा, मला काय त्याचं? करार केलाय ना? दोन वर्षं खेळेल, मग जाईल."

"दोन वर्षं ती नोकरी थांबणार नाही, मामा," कृतिका हळूच म्हणाली.

"तू पण यातली?"

"मला आज कळलं. पण कोच म्हणून सांगते, मी त्याला थांबवणार नाही."

साईनाथ बराच वेळ बोटांनी टेबल वाजवत होता. तो व्यवहारी होता, आणि वाईट नव्हता. पण काही वाक्यं मनात ठेवायची असतात हे त्याला कधी जमलं नाही. "असं बघा," तो म्हणाला, "आर्यनला सोडायचं तर आपणही भरपाई मागू शकतो. करारात तसं आहे. तीच दावितच्या क्लबला द्यायची. छपराला हात लावायला नको. आत्या खूश, बाबा खूश."

खाली कोर्टावर चेंडूचा आवाज येत होता, रविवारी सकाळी मोठी पोरं खेळायची.

"पोराचं पैसं घेशील तू?" शेवंती म्हणाली. ओरडली नाही. "आपल्या पोराचं?"

"आत्या, रेल्वे देणार, तो थोडाच देतोय."

"नाय देत रेल्वे," आर्यन म्हणाला. "मागितलंत तर ते दुसऱ्याला घेतील. यादीत माझ्यामागे मुलगा आहे."

प्रफुल्ल उठला आणि गॅलरीत गेला. थोड्या वेळाने आर्यन मागून आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. बापापेक्षा फूटभर उंच झालेला हा मुलगा शेजारी उभा राहिला की प्रफुल्लला नेहमी जरा अवघडल्यासारखं व्हायचं, आणि जरा मजाही वाटायची. आज फक्त अवघडल्यासारखं झालं.

"मी तुझ्यासाठी भांडतोय आणि तू मला तोंडघशी पाडलंस," तो म्हणाला.

"म्हणूनच सांगायला जमत नव्हतं."

"इथे काय कमी होतं तुला?"

आर्यनने खाली बघितलं. "कमी काहीच नव्हतं. मी वाईट खेळलो तरी मला कोणी बाहेर बसवत नाही, पप्पा. गेल्या वर्षी दिवा गावाहून तो धिप्पाड मुलगा आलेला, आठवतो? सरावात रोज मला मागे टाकायचा. कृतिकाताईला तो हवा होता. सीझनभर बसला आणि सोडून गेला." तो थांबला. "सगळे म्हणतात, मढव्यांचा आर्यन चांगला खेळतो. मला माहीत नाही खेळतो का. तिकडे मी कोणाचाच नाही. बसवतील तर बसवतील. पण कळेल."

"आणि कळलं की नाही खेळत, तर?"

"नोकरी आहे ना. तिकिटं तपासेन."

प्रफुल्लला तो दिव्याचा मुलगा चांगला आठवत होता. त्याचं नाव मात्र आठवेना. कृतिकाला त्या वेळी आपण काय बोललो होतो, किती वेळा बोललो होतो, हेही आठवत होतं. ती भाची, तो मामा. ती काय म्हणणार होती? आणि मगाशी त्या दाढीवाल्या माणसाने आठ गुणांचं सांगितलं तेव्हा आपण खाली का बघितलं, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं.

"आईला कधी सांगितलंस?"

"दसऱ्याला."

"ती काय म्हणाली?"

"रडली. मग म्हणाली, जा."

प्रफुल्लने मान हलवली. बराच वेळ दोघं खालच्या पोरांचा खेळ बघत राहिले. एकाने लांबून टाकलेला चेंडू रिंगला लागून रस्त्याकडे गेला आणि दोन पोरं त्याच्यामागे धावली.

आत आल्यावर तो बसला नाही. "दादा, मतं घे," तो म्हणाला. "आधी परदेशी माणसाचं."

"आता काय राहिलंय त्यात?"

"तू सांग तुझं."

सहदेवने साईनाथकडे बघितलं, मग आर्यनकडे. "हा जाणारच असेल तर आणा त्याला. नायतर यंदा डोंबिवली आपल्याला तुडवूनच काढेल. माझा हो."

"माजा नाय. सांगितलाय मगाशीच," शेवंती म्हणाली, आणि निश्चिंतपणे भावाकडे बघितलं. काल हाच तिच्या दारात उभा होता.

प्रफुल्लने तिच्याकडे बघायचं टाळलं. "माझा हो," तो म्हणाला.

साईनाथचं बोट टेबलावर तसंच राहिलं. कृतिकाने डोळे मिटून घेतले.

"का रं?" शेवंतीने विचारलं. "काल तं..."

"काल आर्यनच्या जागेसाठी आलेलो, बाय. छपरासाठी नव्हतो आलो. खोटं कशाला बोलू? जागा आता रिकामी आहे. तो माणूस बसून बसून कुजतोय तिकडे. कृतिकाला तो हवाय, आणि एकदा तिला हवा तो माणूस तिला मिळू दे. मी आडवा येणार नाही."

"आनि पोरं? पावसात शेवालावर खेलतील?"

"या पावसात नाही खेळणार. पुढच्या वर्षी घालू."

"पुढच्या वर्षी," शेवंती म्हणाली. "त्यांना तू सांग खाली जाऊन. मी नाय सांगनार."

"सांगतो मी."

ती कोलंबीचं भांडं घेऊन उठली. गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू. कृतिका धरायला पुढे झाली, तिने हात झटकला आणि आत गेली.

दादाने कपाळ चोळलं. त्याला हवं ते झालं होतं, आणि तो जिंकलेल्या माणसासारखा दिसत नव्हता. "आता दुसरं. याला सोडायचं म्हणतोस तू?"

"हो. आणि पैसे घ्यायचे नाहीत. एक रुपया नाही."

"शेवंतीला विचार."

"तिचा हो असणार यात," प्रफुल्ल म्हणाला, पण तरी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन त्याने विचारलं. आतून तव्यावर भाकरी टाकल्याचा आवाज आला आणि मग शेवंतीचा. "पोराला जाऊ दे. दुसरं काय इचारू नको मना."

साईनाथने मंडळाचं कोरं पत्र काढलं. दादाची सही लागणार होती, आणि दादाचा हट्ट असा की मंडळाचं पत्र टाईप करायचं नाही, अध्यक्षाने स्वतःच्या हाताने लिहायचं. त्याने चष्मा लावला. आर्यन गोविंदा... नाही, आर्यन प्रफुल्ल मढवी, असं लिहिताना आधी स्वतःच्या वडिलांचंच नाव त्याच्या हातून उमटलं, ते त्याने खोडलं, आणि साईनाथने न बोलता दुसरा कागद दिला.

दुसऱ्यांदा नाव बरोबर आलं. मग पेन थांबलं. "कारण काय लिहायचं?"

"नोकरीसाठी लिहा ना, बाबा," साईनाथ म्हणाला. "तसंच लिहितात."

"घरची अडचण लिहू?"

"घरची काय अडचण आहे?" प्रफुल्ल म्हणाला. "त्याला जायचंय. तेवढंच लिही."

सहदेवने चष्म्यावरून धाकट्या भावाकडे बघितलं. मग सावकाश, मोठ्या अक्षरांत, त्याने तेवढंच लिहिलं आणि सही केली. आर्यन वाकून त्याच्या पाया पडला तेव्हा दादाने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. "तिकडं चुकून आपल्याविरुद्ध मॅच आली," तो म्हणाला, "तर पाच फाऊल करू नको."

"नाही करणार, मोठे बाबा."

कृतिकाने दावितला फोन लावला. गॅलरीतून तिचा आवाज येत होता, हसतानाचा. तो काहीतरी विचारत होता आणि ती सांगत होती की नाही, बर्फ पडत नाही, कधीच नाही.

पानं मांडली तेव्हा दोन वाजून गेले होते. कोलंबीचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्या, भात. प्रियांका भाकऱ्या देत होती; नवऱ्याच्या ताटात ठेवताना ती क्षणभर थांबली, आणि त्याने "राहू दे, नंतर बोलू" एवढंच म्हटलं. कालवण शेवंती वाढत होती. दादाला वाढलं, साईनाथला वाढलं, आर्यनला दोनदा वाढलं आणि वर म्हणाली, "हुबलीला कुठली कोलंबी मिलनार तुना." प्रफुल्लच्या ताटापाशी आल्यावर तिने पातेलं त्याच्यासमोर जमिनीवर ठेवलं, पळी त्यातच सोडली आणि पुढे जाऊन बसली.

त्याने आपल्या हाताने वाढून घेतलं आणि जेवायला लागला.